गळ टाकून बसलेला माणूस

मी बटण दाबलं तेव्हा बाई अजून बोलतच होत्या.

ही माझी जुनी खोड. गिऱ्हाइकाने काउंटरवर वस्तू ठेवून रडगाणं सुरू केलं की माझा अंगठा आपोआप पॉवरच्या बटणावर जातो. वीस सेकंद दाबून धरायचं. हँग होऊन मेल्यासारख्या पडलेल्या दहातल्या सहा वस्तू तेवढ्यानेच उठून बसतात. गिऱ्हाईक तोंडाचा आ करून बघत राहतं आणि मी कपाळावरचं भिंग उगाच डोळ्यावर ओढून मोठी शस्त्रक्रिया केल्याचा आव आणतो. या भिंगामुळेच सगळा रस्ता मला भिंगवाले म्हणतो.

बाई कोपऱ्यावरच्या वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम करतात. वीस वर्षं रोज माझ्या पायरीजवळून जायच्या, मान हलवायच्या, पण आत कधी आल्या नव्हत्या. त्या दुपारी आल्या. टॉवेलात गुंडाळलेला, हातात धरून खेळायचा गेम त्यांनी पिशवीतून काढला आणि दोन्ही हातांनी माझ्या हातात दिला. पडदा काळा होता. यंत्र कोमट लागलं. ते मला जाणवलं, नक्की जाणवलं, आणि मी तिकडे लक्ष दिलं नाही.

"यांचा आहे," बाई म्हणाल्या. "साठीला टेकलेला माणूस, लहान पोरासारखा खेळत बसायचा. मी याला माझी सवत म्हणायचे."

मी हसलो. अंगठा बटणावर गेला होता. चार, पाच, सहा.

"मासे पकडायचा गेम. एक माणूस नदीकाठी गळ टाकून बसतो. यांनी तो अगदी स्वतःसारखा करून घेतला होता. टक्कल, चष्मा, मिशी. हॉस्पिटलात जाताना मला म्हणाले, 'बंद करू नकोस हं, परवा येतोच आहे.' हर्नियाचं साधं ऑपरेशन हो, भिंगवाले."

पंधरा, सोळा.

"ते काही आले नाहीत. म्हणून मग मी हा बंदच केला नाही. अकरा महिने झाले."

माझ्या हातात यंत्र थरथरलं. पडदा उजळला, छोटीशी धून वाजली. अर्धा क्षण मला नेहमीसारखं बरंसुद्धा वाटलं.

पडद्यावर नदी नव्हती. दोन ओळी होत्या. 'नवा खेळ' ही ओळ लुकलुकत होती. तिच्या खाली 'जुना खेळ', फिकट, निवडता न येणारी. मी सगळीकडे शोधलं. काहीच नव्हतं. त्या भल्या माणसाने एकदाही खेळ जतन केला नव्हता. कसा करतात हेच बहुतेक त्याला माहीत नसावं. चार्जरला लावून चालू ठेवायचा, एवढाच त्याचा उपाय.

"तो कुठंय?" बाईंनी विचारलं.

त्यांनी काउंटरवर वाकून पडद्यात पाहिलं, जणू तो कडेला कुठेतरी सरकून बसला असेल.

"सकाळी असा झाला," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तो अधूनमधून पापण्या मिटतो ना, तशा मिटल्या आणि उघडल्याच नाहीत. मी म्हटलं, उघडेल. चहा तसाच राहिला. कामावर कळवलं, आज येत नाही म्हणून. खुर्ची ओढून समोर बसले. मग पडदाच काळा झाला. काल फरशी पुसताना प्लगला धक्का लागला होता माझा. सैल झाला होता. मी परत नीट बसवला. पण त्यानेच झालं ना? माझ्यामुळेच गेला ना तो? एवढं एकच सांगितलं होतं त्यांनी मला."

मी मागचं झाकण उघडलं, मीटर लावला. काटा पार उजवीकडे गेला. बॅटरी भरलेली होती. म्हणजे प्लगचा काही दोष नव्हता. म्हणजे पडदा काळा होऊनही यंत्र आतून चालू होतं, म्हणून तर ते कोमट होतं. गळ टाकून बसलेला तो माणूस, डोळे मिटलेला, माझा अंगठा वीस मोजेपर्यंत आत होता.

खरं म्हणजे तसा हँग झालेला खेळ पुन्हा हलत नाही. मीच काय, कुणीही असतं तरी त्याला बाहेर आणू शकलं नसतं. हे वाक्य माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. पण ते म्हटलं असतं तर बाईंनी विचारलं असतं, मग हँग का झाला? त्याला माझ्याकडे उत्तर नाही. आणि त्या पुन्हा त्या प्लगपाशी जाऊन बसल्या असत्या.

"नाही बाई," मी म्हणालो. "प्लगचा काही संबंध नाही. हा काटा बघा, बॅटरी भरलेली आहे. तुम्ही यंत्र चालूच आणून दिलंत. मी बटण दाबलं म्हणून गेलं. तुमचं ऐकून न घेता दाबलं."

बाईंनी काटा पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं, त्या ओरडतील. त्यांनी टॉवेल पसरला, यंत्र त्यात ठेवलं आणि चारही टोकं नीट दुमडली.

"विचारायचं तरी," त्या म्हणाल्या आणि पायरी उतरल्या.

घरी जेवताना बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, तसंही गेलंच होतं की. सांगायचंत ना त्यांना."

"सांगितलं असतं तर त्या जन्मभर फरशी पुसताना रडल्या असत्या."

"आणि तुम्ही?"

मी आमटी वाढून घेतली.

आता कुणी बंद पडलेली वस्तू दिली की मी आधी ती तळहातावर धरून बसतो. गार आहे की कोमट, ते बघतो. मग विचारतो, "आत काय आहे?" गिऱ्हाइकांना वाटतं, भिंगवाल्यांचं डोकं फिरलं. कधी काळ्या काचेत टक्कल आणि चष्मा दिसतो. माझाच असतो, हे कळतं. तरी त्याच्या पापण्या हलतात का, ते बघत मी बराच वेळ बसतो.

बाई रोज साडेपाचला वाचनालयातून सुटतात. माझ्या दुकानाच्या जरा अलीकडे रस्ता ओलांडतात, समोरच्या फुटपाथने जातात आणि पुढे गेल्यावर पुन्हा या बाजूला येतात. मान ताठ असते. एकदाही इकडे पाहत नाहीत. मी हातातलं काम ठेवतो, उभा राहतो आणि त्या दिसेनाशा होईपर्यंत अंगठा मुठीत धरून ठेवतो.