करवंदीच्या टेकडीवर तासभर

डॉक्टरांनी केसरीनाथांचे डोळे तपासले आणि सांगितलं, काचबिंदू फार पुढे गेलाय, दिवाळीपर्यंत दिसलं तर दिसलं. आताही त्यांना नळीतून पाहावं तसं समोरचं तेवढंच दिसे. खोलीतलं माणूस शोधायचं तरी मान सावकाश इकडून तिकडे फिरवावी लागे. त्या दिवसापासून कमळाला एकच ध्यास लागला. नवऱ्याला करवंदीची टेकडी एकदा दाखवायची.

लग्नानंतर दोघं वज्रेश्वरीच्या दर्शनाला निघाली होती, ती गवताच्या ट्रकमधून. अंबाडीच्या अलीकडे ट्रक तापला. ड्रायव्हर पाणी शोधायला गेला आणि ही दोघं शेजारची टेकडी चढून वर जाऊन बसली. खाली तानसा नदीचं वळण, पाण्यात म्हशी, खडकांवर कुणाची तरी लुगडी वाळत घातलेली. लग्नाला सहा दिवस झाले होते, पण केसरीनाथ तिच्याशी अजून धड बोलले नव्हते. तिथे त्यांनी ओंजळभर करवंदं तोडून तिच्या पदरात टाकली आणि म्हणाले, "बघ, किती लांबवर दिसतंय." पुढे पन्नास वर्षांत ते फारसे बोलले असं नाहीच, पण कमळाला ते वाक्य पुरलं होतं.

मे महिन्यातल्या एका संध्याकाळी कोन गावातल्या घरात, चहा घेताना तिनं विषय काढला. "या रविवारी सगळी मिळून जाऊ."

सून निशानं लगेच फोनवर एक रिसॉर्ट काढलं. "माणशी दोन हजार, आई. जेवणासकट. पोहायचा तलावपण हाय."

"यांना पोहायला न्यायचं हाय का बघायला?" कमळा म्हणाली. "भाकऱ्या बांधू, सुक्या बोंबलांची चटणी करू. सकाळी सहाला निघू, टेकडीवर तासभर बसू, उन्हाच्या आत घरी. टेकडीला काय तिकीट हाय?"

"मला चालेल," नात पूर्वी म्हणाली. "आजोबा, तुमचा हनिमून पॉइंट ना तो?"

"गप गं," केसरीनाथ म्हणाले, पण हसले. पुष्कळ दिवसांनी हसले.

मुलगा भूपेश मात्र कपाकडे बघत होता. "आई, तिथं नको. सरळ वज्रेश्वरीला जाऊ, नदीवर बसू. बाबांना चढावं लागणार न्हाय."

"चढतील. मी हाय ना हात धरायला."

"रस्ता खराब हाय तिकडं."

"एवढी मोठी गाडी घेतलीस ती काय दारात उभी करून पुसायला?"

"आजीनं विकेट काढली," पूर्वी म्हणाली. भूपेश हसला नाही. उठून बाहेर गेला.

कमळाला वाटलं, पोराला लाज वाटते. राहनाळला गोडाउनांसाठी शेतं बुजवायची, तिथे भराव टाकायचं काम भूपेश करत असे. आठ डंपर होते त्याचे. बड्या लोकांत ऊठबस. त्यानं रस्त्याकडेला बसून भाकरी खायची म्हणजे कसं दिसेल? दोन दिवस ती त्याच्याशी तुटक बोलली. तिसऱ्या दिवशी तो नुसतं म्हणाला, "बरं, जाऊ."

रविवारी नाक्यावर कंटेनर अडकलेले होतेच, तरी साडेसातला गाडी अंबाडीजवळ आली. कमळा पुढच्या सीटवर सरसावून बसली होती. वडाचं झाड गेलं, ओढ्यावरची मोरी गेली. आता डावीकडे टेकडी. भूपेशनं न विचारताच गाडी डावीकडे घेऊन थांबवली.

डावीकडे काही नव्हतं. म्हणजे आभाळ होतं. खाली तांबडा, खरवडलेला, तालुक्याचा बाजार भरावा एवढा खड्डा. मध्ये गढूळ पाणी, कडेला एक गंजलेलं पोकलेन यंत्र. नदीचं वळण पलीकडे कुठेतरी असेल, पण या सखल जागेवरून ते दिसण्यासारखं नव्हतं.

"पुढं असंल," कमळा म्हणाली.

"न्हाय, आई." भूपेशनं स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत. "हीच ती. मुरूम चांगला होता हिचा. राहनाळची तीन गोडाउनं उभी हायेत त्यावर. मी तुला सांगणार होतो."

"कवा?"

कमळाला दसरा आठवला. दरवर्षी तिनंच त्या आठही डंपरांना हळदकुंकू लावलं होतं, चाकांखाली लिंबं ठेवली होती, आणि हात जोडून म्हटलं होतं, पोराच्या गाड्या रिकाम्या उभ्या राहू देऊ नकोस. त्या राहिल्या नव्हत्या.

मागचं दार वाजलं. केसरीनाथ काठी टेकत स्वतःच उतरले होते. गाडीला पाठ लावून ते खड्ड्याकडे तोंड करून उभे राहिले आणि मान फिरवू लागले. सावकाश, डावीकडून उजवीकडे. मग थोडी वर. मग पुन्हा डावीकडून.

पूर्वी त्यांच्याजवळ गेली. "आजोबा, काय मस्त दिसतंय ना," असं म्हणाली, पण तिचा आवाज चिरकला.

"थांब जरा," केसरीनाथ म्हणाले. "सापडंना अजून."

कमळा उतरली. पोरीचं खोटं पुढे चालवायचं तिच्या ओठांवर आलं होतं. पण या माणसानं तिला पहिल्यांदा दाखवलं होतं ते खरं होतं. तिनं त्यांचा हात धरला.

"अवं, नका शोधू. न्हाय ती. आपल्या भूपेशनं नेली, भरावाला."

केसरीनाथांची मान जिथे होती तिथेच थांबली.

"सगळी?"

"सगळी."

मागून एक डंपर धुरळा उडवत गेला. मग ते म्हणाले, "मला बसव गाडीत."

निशानं भाकऱ्यांचा डबा उघडला आणि परत लावला. भूपेश एकदा म्हणाला, "वज्रेश्वरीला जायचं का?" निशानं दार ओढून घेतलं. त्यानं गाडी घराकडे वळवली.

परत येताना कमळा मागे नवऱ्याजवळ बसली. ते झोपलेत असं आधी तिला वाटलं. पण श्वास झोपेतला नव्हता, बोटं काठीच्या मुठीवर घट्ट होती. ते जागेच होते आणि डोळे मिटून बसले होते. "अवं," ती हळूच म्हणाली, "उघडा की डोळे. जरा बघा बाहेर."

"काय बघू?" ते म्हणाले.

कमळानं खिडकीतून पाहिलं. दोन्ही बाजूंना निळ्या पत्र्यांची गोडाउनं होती, एकाला लागून एक. कोन येईपर्यंत त्यांनी डोळे उघडले नाहीत.