स्मेतानाचा बारीक सूर

धसईच्या बाहेर, मुरबाडच्या रस्त्याला लागून संदेशचं घर. घराशेजारी पत्र्याची शेड, आणि शेडमध्ये ताडपत्रीखाली त्याच्या बेंजो पार्टीचं, म्हणजे हळदी-लग्नांत वाजवणाऱ्या बँडचं, सामान. स्पीकरचे बॉक्स माणसाच्या उंचीचे. हळद असो, साखरपुडा असो, तालुक्यात कुठेही असो, लोक संदेशचीच पार्टी मागायचे. दिवाळीपासून तर जास्तच, कारण तेव्हापासून त्याची बारा वर्षांची मुलगी रेश्मा कॅसिओ वाजवायला लागली होती. टेम्पोवर, बॉक्सच्या भिंतीला पाठ लावून ती उभी राहायची आणि नाचणारी माणसं नाचायची थांबून तिचे हात बघायची.

तिच्या आईला, नम्रताला, हे मनातून पटत नव्हतं. ती कल्याणला वाढलेली, शाळेत चार-पाच वर्षं पियानो शिकलेली. पण रेश्माला वाजवायचं वेड होतं आणि संदेशला तिचा अभिमान. मग नम्रताने आपल्या परीने एक वाट काढली. रविवारी दुपारी जेवणं झाली की ती दोन्ही मुलांना पुढ्यात घेऊन बसायची, फोनला छोटा स्पीकर लावायची आणि परदेशातल्या जुन्या संगीतकारांच्या गोष्टी सांगायची. बाखला वीस मुलं झाली हे ऐकून धाकटा ऋतिक लोळून हसला होता. रेश्मा हसायची नाही. ती एखादी ओळ दोनदा ऐकायची आणि कॅसिओवर हळूच शोधून काढायची.

त्या रविवारी ऋतिकने विचारलं, "आज कोण?"

"स्मेताना. झेक लोकांचा मोठा संगीतकार. याला पुढे ऐकू येईनासं झालं. पण त्याच्या आधी कानात एक बारीक, उंच सूर वाजायला लागला. शिट्टीसारखा, सारखा. मग यानं काय केलं, चार वाद्यांत आपल्या आयुष्याची गोष्ट लिहिली आणि तो सूर त्यातच घातला. ऐका."

तिने त्यातला शेवटचा भाग लावला. सुरुवातीला मजेचा नाच होता. ऋतिक मांडीवर ठेका धरून बसला. मध्येच सगळं तुटलं. खालची वाद्यं थरथरायला लागली आणि वर एका व्हायोलिनचा एकच सूर लांबत गेला. ऋतिकने कानात बोटं घातली.

"आई, बंद कर. कसंतरी होतं."

रेश्मा हलली नाही. सूर संपल्यावर ती म्हणाली, "माझा याच्यापेक्षा जरा खालचा आहे."

"तुझा काय?"

रेश्मा उठली. कॅसिओ चालू करून तिने उजवीकडची अगदी शेवटची पट्टी दाबली. "हा. हा माझा."

नम्रताच्या हातातला फोन खाली आला. "कधीपासून वाजतोय?"

"टोकावड्याच्या हळदीपासून. आधी सकाळपर्यंत जायचा. आता जात नाय."

"मला का नाही सांगितलंस?"

"पप्पांना सांगितलं होतं. ते बोलले, सगळ्यांनाच असतो."

संदेश शेडमध्ये वायरी गुंडाळत होता. नम्रताने दारातून हाक मारली, मग जवळ जाऊन मारली. तेव्हा त्याने मान वर केली.

"रेश्माच्या कानात शिट्टी वाजते. तुम्हाला माहीत होतं?"

"असते ती. पार्टीत सगल्यांना असते. सवय पडते गो."

"तुम्हालाही आहे?"

त्याने वायरीचं वेटोळं खाली ठेवलं. "मला तर ती नसली तं झोप लागायची नाय," असं म्हणून तो हसला.

नम्रता हसली नाही. "घरात चला."

घरात रेश्मा कॅसिओपाशीच उभी होती. नम्रता तिला म्हणाली, "तुझा सूर पप्पांना ऐकव." रेश्माने पट्टी दाबली. संदेश कमरेवर हात ठेवून वाट बघत राहिला.

"वाजव की," तो म्हणाला.

"पप्पा, वाजतोय," ऋतिक म्हणाला.

संदेशने रेश्माच्या बोटाकडे पाहिलं. पट्टी दाबलेलीच होती. तो खाली वाकला, कान कॅसिओला लावला, तसाच थोडा वेळ राहिला. मग उठून बाहेर गेला.

दोन दिवसांनी मुरबाडला हळद होती, आणि तिथल्या लोकांनी रेश्मालाच बघून पार्टी ठरवली होती. टेम्पो निघायच्या वेळी रेश्मा नवा ड्रेस घालून तयार होती. नम्रता दारात उभी राहिली.

"आई, जाऊ दे ना. घरात शांत असलं की तो मोठा वाजतो. तिकडं बॉक्स चालू झाले की कळतच नाय."

नम्रता दारातून हलली नाही. संदेशने दोघींकडे पाहिलं आणि ड्रायव्हरला म्हणाला, "चल, निघ." तो एकटाच गेला.

त्या आठवड्यात तिघं कल्याणला कानाच्या डॉक्टरकडे गेली. रेश्माला काचेच्या खोलीत बसवलं. आवाज आला की बटण दाबायचं, असं सांगितलं. बाहेरून संदेश बघत होता. मशीनवरची बाई आवाज सोडत होती आणि कितीतरी वेळा रेश्मा नुसतीच समोर बघत बसली होती.

"जे गेलं ते परत येणार नाही," डॉक्टर म्हणाले. "उरलंय ते जपा. मोठ्या आवाजाजवळ मुळीच नको. तुम्हीही तपासून घ्या."

"फुडच्या टायमाला," संदेश म्हणाला.

रेश्माच्या जागी त्याने सरळगावचा एक वाजवणारा घेतला. पार्टी बंद केली नाही. दुसरं त्याला काही येत नव्हतं. घरात तो बोलायचा कमी झाला. बोललाच तर मोठ्याने.

पुढच्या रविवारी नम्रताने दुसऱ्या संगीतकाराची गोष्ट काढली, पण रेश्माने तिला थांबवलं.

"त्या स्मेतानाचं पुढं काय झालं?"

"पूर्ण बहिरा झाला. तरी लिहायचा थांबला नाही. एका नदीवर त्याने इतकं सुंदर संगीत लिहिलं, आणि स्वतः ते कधी ऐकलं नाही."

"आणि मग?"

शेडमध्ये संदेशने बॉक्स तपासायला चालू केला होता. फळीवरचे पेले किणकिणायला लागले. स्मेतानाचे शेवटचे दिवस वेड्यांच्या इस्पितळात गेले, हे नम्रताला ठाऊक होतं.

"मग काही नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "मग म्हातारा झाला."

रेश्माने मान डोलावली. बाहेरच्या त्या धडधडीत एवढं हळू बोललेलं ऋतिकला कळलं नव्हतं, "काय? काय झाला?" असं तो विचारत होता. रेश्माला मात्र कळलं होतं. ती आईच्या डोळ्यांकडे बघत नव्हती, ओठांकडे बघत होती. ती असं कधीपासून बघते, हे नम्रताला काही केल्या आठवेना.