मोडलेल्या भांड्यांचे फोटो

मी भट्टी बोलतेय. म्हणजे बोलायचा प्रयत्न करतेय. माझं तोंड मिटलेलं असेल तेव्हाच माझं काम चालतं, त्यामुळे बोलायची सवय नाही. दिसायला मी लोखंडी पिंपासारखी गोल. आत पांढऱ्या हलक्या विटांचं अस्तर, विटांच्या खाचांतून फिरवलेली तारांची वेटोळी आणि वर जाडजूड झाकण. विजेवर चालते. मातीची कच्ची भांडी पोटात घ्यायची आणि भाजून पक्की करून परत द्यायची, एवढंच माझं आयुष्य.

पण एक सांगते, मला एकदम काही झालेलं सोसत नाही. हळूहळू तापवा, हळूहळू निवू द्या. घाईनं झाकण उघडलंत तर गार वाऱ्याच्या झुळकीनंसुद्धा आतली भांडी तडकतात. स्वभावच भित्रा म्हणा ना. दारावरची घंटा जोरात वाजली तरी माझ्यातली एखादी वीट ‘टक्’ करते.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. तिथून मला एका शाळेनं नेलं. मुलं माझ्यात वेडेवाकडे हत्ती आणि बिनकानाचे कप भाजून घ्यायची. पुढे मातीचा तास बंद झाला. मग मी जिन्याखाली गेले, आणि माझ्या पोटात फुटबॉल ठेवायला लागले. आधी वाईट वाटलं, मग सवय झाली. फुटबॉल तडकत तरी नाहीत.

तिथून मला बाईनं सोडवलं. ती त्याच शाळेत मातीचा तास घ्यायची. मुख्याध्यापक म्हणाले, “तो डबा? न्या की!” टेम्पोच्या मागच्या भागात ती माझ्याशेजारी बसली आणि खड्डा आला की माझं झाकण दोन्ही हातांनी दाबून धरायची.

तिची कामाची खोली म्हणजे एका इमारतीच्या तळमजल्यावरचा लांबट गाळा. एक खिडकी, एक सिंक, चाक, भिंतीला लाकडी मांडण्या आणि कोपऱ्यात मोठा निळा टब. टबाचं काम सांगायला हवं. भाजण्याआधी एखादं भांडं मोडलं तर ते या टबात जातं. कच्ची माती पाण्यात पडली की विरघळते. ती गाळायची, प्लास्टरच्या लादीवर पसरून आळू द्यायची, मळायची, की पुन्हा भांडी करायला मोकळी. बाई शिकायला येणाऱ्यांना सांगायची, “कच्चं मोडलं तर रडायचं नाही. भिजवायचं. रडायचं ते भाजलेलं फुटल्यावर.”

माणसांना वाट बघता येत नाही, हे मी इथेच शिकले. मी पेटलेली असले की बाई काही ना काही निमित्त काढून माझ्याजवळून जायची. उगाच केरसुणी फिरवायची, उगाच माझ्या बाजूला तळवा धरायची. तिची धाकटी बहीण दवाखान्यात नावनोंदणीच्या खिडकीवर बसते. ती संध्याकाळी आली की झाकणाच्या कडेवर पायमोजे वाळत घालायची.

“अगं, भट्टी आहे ती!” बाई ओरडायची.

“मग काय झालं? तुझी कला पक्की होते, माझे मोजे पक्के होतात.”

असे दिवस होते ते.

मग एका नव्या हॉटेलचं काम आलं. सगळ्या थाळ्या, वाट्या, पाण्याचे प्याले बाईच्या हातचे हवे होते. एवढं मोठं काम तिला आजवर मिळालं नव्हतं. तिनं मांडण्या भरून टाकल्या, मग जमिनीवर फळ्या टाकल्या. पहिला घाणा माझ्या पोटात होता, मी आतून लालभडक झाले होते, आणि बाकीची भांडी कच्ची, वाळून पांढुरकी, आपली पाळी यायची वाट बघत होती.

त्या दुपारी वरच्या मजल्यावरच्या टाकीचा पाइप फुटला.

आधी छताला एक ओला डाग दिसला. मग छताचा गिलावाच खाली आला आणि मागोमाग पाणी. मला फक्त आवाज आठवतो. माझ्या तापलेल्या झाकणावर पाणी पडलं, फटीतून आत गेलं, काहीतरी फाट्कन उडालं आणि सगळीकडे अंधार झाला. माझी एक भिंत वरपासून खालपर्यंत चिरली, वेटोळी तुटली. पोटातली भांडी तडकल्याचं मला कळलं. एकेक करून नाही, सगळी एकदमच. त्यानंतर मला फारसं काही कळेनासं झालं. अजूनही तसंच आहे.

मांडण्यांवरची भांडी फुटली नाहीत. ती बसली. उभ्या कडा आत वळल्या, थाळ्या ओघळल्या, आणि सगळ्याचा एकच राडा होऊन जमिनीवर आला.

वरचे काका धावत खाली आले. “अरेरेरे! पण टाकी आता बंद केलीये हं,” म्हणाले. मग राड्याकडे बघत म्हणाले, “मातीच होती ना? मग ठीक आहे.”

बाईनं बाह्या वर केल्या आणि तो सगळा राडा खरवडून टबात भरला. टब पुरला नाही तेव्हा बादल्या भरल्या. पुढचे दिवस ती माती गाळत होती, पसरत होती, मळत होती. सिंक घासलं, मांडण्या पुसल्या, छताच्या भोकावर पत्रा ठोकून घेतला. हॉटेलवाल्यांनी दुसरीकडून थाळ्या आणल्याचं फोनवर सांगितलं तेव्हा ती फक्त “बरं” म्हणाली. त्या दिवसापासून तिचं सगळ्याला एकच उत्तर झालं. बरं.

मग एक दिवस धाकटी उड्या मारतच आली. “ताई, एक संस्था आहे. काम करणाऱ्या कलावंतांवर अचानक संकट आलं तर तातडीची मदत देते. अर्ज करायचा. मी सगळं वाचलंय. तू फक्त काय झालं ते लिही.”

“बरं,” बाई म्हणाली आणि लॅपटॉपसमोर बसली. थोड्या वेळानं धाकटीनं मागून वाकून बघितलं.

“पाणी आलं. भांडी गेली. भट्टी बंद आहे.” धाकटीनं मोठ्यानं वाचलं. “एवढंच?”

“एवढंच झालं.”

“अगं, पानभर लिहायला जागा दिलीये त्यांनी! जरा रडव की त्यांना.”

“मलाच रडू येत नाहीये, त्यांना कुठून आणू?”

शेवटी धाकटीनंच लिहिलं. स्वप्नं, वर्षानुवर्षांची मेहनत, क्षणात होत्याचं नव्हतं, सगळं घातलं. बाईनं ते शांतपणे वाचलं आणि म्हणाली, “बिचारी गं ही बाई. हिला द्यायलाच हवेत.”

धाकटी हसली. बाई हसली नाही. तिनं विनोद केलाच नव्हता.

“आता फोटो,” धाकटी म्हणाली. “नुकसानीचे फोटो जोडायचेत. दे.”

“कशाचे?”

“अगं, मोडलेल्या भांड्यांचे!”

बाईनं प्लास्टरच्या लादीकडे बोट दाखवलं. तिथं मळलेल्या मातीचे गोळे ओल्या फडक्याखाली एका ओळीत ठेवले होते.

“ती माती झाली.”

धाकटी मटकन स्टुलावर बसली. “एकही फोटो नाही काढलास? घर बुडालं तर माणूस आधी फोन काढतं, ताई!”

“कच्ची होती. भिजवली.”

कुणाचं घर पडलं तर विटांचा ढीग तरी राहतो. आमच्या धंद्यात संकट येऊन गेलं आणि बाईनं नेहमीच्या सवयीनं ते धुऊन, गाळून, नीट मळून ठेवलं. खोली इतकी स्वच्छ होती की इथं कधी काही घडलं असेल असं कुणालाच वाटलं नसतं. माझ्या पोटातली तडकलेली भांडीसुद्धा तिनं कुटून भुकटी करून मातीत मिसळायला ठेवली होती.

धाकटी बराच वेळ नखं खात बसली. मग दबक्या आवाजात म्हणाली, “पुन्हा कर. थोडीच. आणि पाणी ओत. फोटो काढू. खोटं कुठंय त्यात? झालं होतंच ना?”

मला वाटलं, बाई नाही म्हणेल.

“बरं,” बाई म्हणाली.

ती चाकावर बसली. इतक्या दिवसांत तिचे हातच तेवढे जागे होते. वाट्या झाल्या, प्याले झाले. धाकटी म्हणाली, “मोडायचीच आहेत, कशाला एवढी नीट करतेस?” बाई म्हणाली, “वाईट करायला वेगळं लक्ष द्यावं लागतं.” भांडी वाळून पांढुरकी झाली आणि मांडणीवर ओळीनं बसली. त्या भांड्यांना माझ्याकडे यायचंच नव्हतं, तरी मी सवयीनं ती मोजली.

धाकटीनं मोबाइल धरला. बाईनं जग उचलला आणि पहिल्या वाटीवर पाणी ओतलं. वाटीनं क्षणभर दम धरला. मग एक कड हळूच वळली आणि वाटी खाली बसली.

“आला का फोटो?”

“आला.”

दुसरी. तिसरी. बाईचा चेहरा कुंड्यांना पाणी घालताना असतो तसा होता.

“पुरे, ताई.”

“इतक्यात? मांडण्या भरून होत्या तेव्हा. तीन वाट्यांत कसलं नुकसान दिसणार?” तिनं जग पुन्हा नळाखाली धरला.

“पुरे म्हटलं ना!”

मी केवढी दचकले! चिरलेली वीट आणखी चिरली. धाकटीनं मोबाइल खाली केला होता आणि ती हमसून हमसून रडत होती. “तुला काहीच कसं वाटत नाही गं?”

बाईनं जग खाली ठेवला. “वाटेल कधीतरी,” ती म्हणाली. “तू रडतेस ते बरं आहे. त्यावरून तरी कळतंय, की काहीतरी झालंय.”

धाकटीनं नाक पुसलं आणि फोटो काढून टाकले. “हे पाठवलं ना, तर खरं पाणी आलं होतं तेही मला खोटं वाटायला लागेल.”

मग त्यांनी टबाचाच फोटो काढला. खाली बाईनं लिहिलं, “मोडलेली भांडी या टबात आहेत.” धाकटी म्हणाली, “हसतील गं.” बाई म्हणाली, “हसू देत.” त्यांनी माझाही फोटो काढला. झाकण उघडं, आत तुटक्या तारा, काळी पडलेली चीर. आयुष्यात पहिल्यांदा माझा फोटो निघाला, तो असा.

काही आठवड्यांनी संस्थेतल्या मॅडमचा फोन आला. बाईचे हात मातीत होते, म्हणून धाकटीनं मोबाइल स्पीकरवर माझ्या झाकणावर ठेवला. घंटा वाजली तेव्हा मी दचकलेच होते, त्यात आवाज थेट माझ्या डोक्यावर.

“भांड्यांच्या फोटोत नुसता टब दिसतोय,” मॅडम म्हणाल्या.

“हो.”

“पण लगेच भिजवलंत का सगळं?”

“कच्ची होती. भिजवतातच.”

पलीकडे पेनाची टकटक ऐकू आली. “असू दे. छताच्या दुरुस्तीची पावती आणि वरच्या शेजाऱ्यांचा जबाब आहे, तेवढ्यावर मी पुढे पाठवते. फक्त एक लक्षात घ्या, आमच्या मदतीत यंत्रं बसत नाहीत. भाडं, जेवणखाण, औषधपाणी, एवढंच. तातडी म्हणजे माणसाची तातडी, असं धरतो आम्ही.”

“भट्टी नसेल तर माणसानं करायचं काय?” धाकटी मध्येच बोलली.

“साधनांसाठी वेगळी योजना आहे. वर्षातून एकदा निघते. यंदाची मुदत मागेच गेली. सॉरी हं.”

“बरं,” बाई म्हणाली.

मदत मंजूर झाली. निरोप आला तेव्हा धाकटीनं टाळ्या वाजवल्या, बाईनं स्पंज पिळून ठेवला आणि “छान” म्हणाली. गाळ्याचं भाडं भरलं गेलं. माझ्या डोक्यावरच्या छपराची सोय झाली, माझी झाली नाही. मला राग आला का? नाही. गार भट्टीला कसला आलाय राग.

मग धाकटीनं भंगारवाल्याला बोलावलं. तिचंही बरोबर होतं. भाडं भरायचं आणि त्या जागेत बंद पिंप ठेवायचं, हे कुठल्या शहाण्याला पटेल? भंगारवाल्यानं माझ्या पोटावर टिचक्या मारल्या. “पत्रा चांगलाय. विटा फेकाव्या लागतील. उचलू का आत्ताच?”

धाकटीनं बाईकडे बघितलं. तिला वाटलं, उत्तर ठरलेलंच आहे. मलाही तसंच वाटलं. मी घाबरलेसुद्धा नाही.

“नको,” बाई म्हणाली.

धाकटीनं विचारलं, “का गं?”

“भांडी ठेवायला जागा लागेल.”

“मांडण्या रिकाम्या पडल्यात की!”

“मांडण्यांवर नको.”

भंगारवाला गेला. बाईनं ओलं फडकं काढलं, पहिला गोळा चाकावर आपटला आणि कामाला लागली. हॉटेलच्याच थाळ्या, वाट्या, प्याले. आता कुणी मागितलेले नाहीत. एकेक वाळेल तसं ती माझं झाकण उचलते आणि ते आत ठेवते. अगदी घाणा लावताना ठेवतात तसंच, मध्ये बोटभर जागा सोडून. धाकटीनं दवाखान्यातल्या कॅलेंडरवर पुढच्या वर्षीच्या योजनेचा महिना गोल करून ठेवलाय. मला तपासून गेलेला मिस्त्री म्हणतो, तारा मिळतील, विटांचं बघावं लागेल. मिळेल, न मिळेल. माणसांना वाट बघता येत नाही म्हटलं खरं, पण मलाही ते नीट जमत नाही.

परवा माझी शेवटची फळीही भरली. बाईनं झाकण लावलं, आणि तिचा हात आपोआप बटणाकडे गेला. तिथंच थांबला. मग तिनं तळवा माझ्या बाजूला टेकवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मी गारच होते. तिलाही ते ठाऊक होतं. तिच्या गालावरून काहीतरी ओघळलं, आणि ते झाकणावर पडायच्या आत ती चटकन मागे सरकली आणि तिनं ते बाहीनं पुसलं.

तुम्ही कधी या गाळ्यात आलात आणि हे कसलं पिंप म्हणून माझं झाकण उचलावंसं वाटलं, तर एवढंच करा. आधी हात कोरडे करा. आतली भांडी भांड्यांसारखी दिसतात, पण अजून ती मातीच आहेत.