मुक्या जीवांसाठी पायदळ

लोकेंद्र पटलेच्या डोक्यात एखादी गोष्ट घुसली की ती आधी गावभर होते, मग घरी कळते. गोंदियालगतच्या फुलचुरात राहणारा, शहरात मोबाईलच्या दुकानात कामाला असलेला हा गडी. त्यानं ठरवलं की गोंदियाहून नागपूरला पायी, इकडच्या बोलीत पायदळ, जायचं, सोबत एक कुत्रा घ्यायचा, आणि वाटेत लोक जे देतील ते रस्त्यावरच्या जखमी कुत्र्यांच्या दवापाण्याला लावायचं. बेत वाईट नव्हता हो. अडचण एवढीच की लोकेंद्रजवळ कुत्रा नव्हता.

कुत्रा होता रामकलीकाकीचा. नागपूरच्याच वाटेवरच्या एका खेड्यात ती एकटी राहायची, आणि लहानपणी दर सुट्टीत लोकेंद्रला तिनंच सांभाळलेलं. तिचा भुऱ्या शेताच्या बांधीतल्या धानाला रानडुकरं शिवू देत नसे. आता धान चुरून-मळून घरात आलं होतं आणि भुऱ्या रिकामाच होता, तरी काकीनं आधी मान हलवली.

"तो कायले जाते नागपूरले? त्याचं कोन आहे तिथं?"

"काकी, फोटोत कुत्रा दिसला का लोक देतात."

"मंग तुयं तोंड पाहून नाही देत का?"

पण पुतण्याला नाही म्हणणं तिच्यानं फार वेळ होत नसे. "नेजो," ती म्हणाली, "पन लेकरू समजून नेजो."

मग तयारीला ऊत आला. लोकेंद्रची बहीण गुंजन मुक्कामाची गावं ठरवत होती, ओळखीपाळखीच्यांना फोन लावत होती. 'मुक्या जीवांसाठी पायदळ' असं छापलेली टी-शर्ट आली. भुऱ्यासाठी ऑनलाइन बूट मागवले, ते त्यानं पहिल्याच दिवशी चावून टाकले. आता पोस्टरला झकास फोटो पाहिजे आणि थोडी चालायची सवयही व्हावी, म्हणून एका सकाळी लोकेंद्र भुऱ्याला घेऊन काकीच्या गावातून निघाला.

शेजारच्या गावाच्या वेशीला गावाच्या नावाची पाटी होती. लोकेंद्रनं भुऱ्याच्या गळ्यात लाल रुमाल बांधला आणि दोरी पाटीच्या खांबाला बांधली. अख्खी पाटी फोटोत यावी म्हणून स्वतः रस्त्याच्या पलीकडे गेला.

ह्या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, की परक्या गावच्या शिवेवर कुत्रा सुटाच ठेवायचा. तिथली कुत्री अंगावर येणारच. सुटा कुत्रा शेपूट घालून, उताणा पडून, नाहीतर पळून आपला जीव वाचवतो. बांधलेला कुठं जाईल? लोकेंद्र तर खेड्यातच वाढलेला. ठाऊक नव्हतं म्हणायलाही त्याला जागा नव्हती.

कुत्री आली. लोकेंद्रच्या हातात मोबाईल चालू होता. सुरुवातीला त्याला खरंच वाटलं, की बरं झालं, व्हिडिओ चांगला येईल. मग भुऱ्या दोरीला हिसके देत केकाटायला लागला, तरी तो मोबाईल धरून पलीकडेच उभा राहिला. लाज वाटावी असं काही असेल तर ते हेच, पण तेवढ्यावर थांबलं नाही.

वेशीजवळच्या घरातून एक बाई काठी घेऊन धावली. गीताबाई तिचं नाव, हे त्याला मागून कळलं. तिनं कुत्री हाकलली, भुऱ्याची मांडी फाटलेली पाहिली आणि लोकेंद्रकडे वळून विचारलं, "कोनाचा होय हा? कोन्या मेल्यानं बांधला इथं?"

"मले नाही मालूम," लोकेंद्र म्हणाला.

बाईनं स्वतःच दोरी सोडली. भुऱ्या लंगडत रस्ता ओलांडून सरळ लोकेंद्रच्या पायाशी येऊन बसला आणि त्याचा हात चाटायला लागला. गीताबाईनं त्याच्या टी-शर्टवरची अक्षरं वाचली. आणि ती घरात निघून गेली. लोकेंद्रला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काकीला मात्र त्यानं सांगितलं, की वाटेत डुक्कर आडवं आलं आणि भुऱ्या मधे पडला. एका खोट्यामागे दुसरं लागतंच. काकीनं गुंजनला सांगितलं, गुंजननं ते फोटोसकट ग्रुपवर टाकलं, आणि लोकेंद्रला वाचवणारा भुऱ्या सगळ्या गोंदियाचा लाडका झाला. भुऱ्या बरा झाला की निघायचंच, असे लोकांचे निरोप यायला लागले. लोकेंद्र मोबाईल उलटा ठेवायला लागला. भुऱ्याच्या मांडीला टाके पडले होते, ते पाहायला तो रोज काकीकडे जायचा, आणि भुऱ्या त्याला पाहून रोज शेपटी हलवायचा. शिव्या परवडल्या असत्या, पण ती शेपटी नको वाटायची.

गुंजननं पहिल्या मुक्कामाचं गाव कळवलं. पाटीच्या खांबाचं तेच गाव होतं. जेवण गीताबाईकडे. त्याच दुपारी लोकेंद्र काकीच्या ओसरीत बसला आणि खाली मान घालून त्यानं सगळं सांगून टाकलं. दोरी, व्हिडिओ, 'मले नाही मालूम', सगळं.

काकी भुऱ्याच्या भाकरीत दूध कुस्करत होती. तिनं वाटी भुऱ्यापुढं सरकवली.

"कुत्रा त बरा होऊन राहिला," ती म्हणाली. "पन मी डुकराची गोष्ट गावभर सांगतली ना रे. मायावाल्या भुऱ्यानं पोराले वाचवलं म्हनून घरोघर सांगतली. आता मी कोन्या तोंडानं फिरू?"

हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. काकी रागावेल, कुत्रा देणार नाही, एवढंच त्यानं धरलं होतं. आपली लाज आपण तिच्याही पदरात टाकली, हे त्याला आत्ता कळलं.

"माफ कर काकी."

"मले माफी कायले मांगतेस? उठ. ज्या ज्या घरी मी सांगतली, त्या त्या घरी आता तू सांग."

काकीनं पदर डोक्यावर घेतला आणि पुढं निघाली. भुऱ्याही उठला. लोकेंद्र त्याला आत ढकलायला लागला तशी ती म्हणाली, "येऊ दे. त्याचीच गोष्ट होय."

पहिलं घर सुलोचनाबाईचं. ती अंगणात तांदूळ पाखडत होती. ह्यांना पाहताच सूप बाजूला ठेवून तिनं खाट ओढली, सुनेला चहा टाकायला सांगितला. "बस बाबू, बस," म्हणत ती भुऱ्याजवळ उकिडवी बसली आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवायला लागली. "केवढं मोठं डुक्कर होतं रे?"

"मावशी, ते डुक्कर नव्हतं."

"मंग कोन होतं बाप्पा?"

लोकेंद्रनं काकीकडे पाहिलं. काकी भुऱ्याकडे पाहत होती.

"मी होतो," तो म्हणाला, आणि खाटेवर न बसता त्यानं उभ्यानंच पहिल्यापासून सगळं सांगितलं. सुलोचनाबाईनं भुऱ्याच्या डोक्यावरचा हात काढला नाही, पण लोकेंद्रला पुन्हा बस म्हटलं नाही. काकी तोवर पुढच्या घराच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली होती.