हात वर जात नाही

बोरीवलीच्या गुलबकावली सोसायटीत तेवीस सभासद, आणि तेविसांचेही उजवे हात खांद्याच्या वर जात नव्हते. निदान तळमजल्यावरच्या मिहिरच्या मसाज सेंटरातल्या फायली तसं सांगत होत्या.

"नुसतं बरं वाटावं म्हणून मसाज घेतलात तर जीएसटी लागतो, काकू. उपचार म्हणून घेतलात तर माफ," असं म्हणत तो प्रत्येकापुढे तोच छापील फॉर्म सरकवायचा: हात वर जात नाही. खाली सही. ज्याचा गुडघा दुखायचा, त्याचाही हातच. पहिला फॉर्म मिहिरने स्वतःचाच भरला होता, नमुना म्हणून.

वसुधाताईंचा खांदा मात्र खरोखरच धरला होता. दोन महिन्यांत सुटला. श्रेय त्यांनी तेलाला दिलं. मिहिरला द्यायचं अगदी जिवावर आलं.

आता या महाशयांना दुसऱ्या मसाज-रूमसाठी सोसायटीचं वाचनालय हवं होतं. निवृत्तीपासून वसुधाताई रोज दुपारी ते उघडत, झाडत, फाटकी पुस्तकं चिकटवत बसत. त्यांना दुसरं जायला ठिकाण नव्हतं. मिहिरने सगळ्यांना आठवड्याला एक मसाज फुकट कबूल केला आणि सगळे विरघळले. पाठ चोळून दिली की ही माणसं कपाटासकट ज्ञानेश्वरी देतील, वसुधाताईंना वाटलं.

रविवारी सभा भरली. सेक्रेटरी मधुकररावांनी विचारलं, "ठरावाच्या बाजूने कोण? हात वर करा."

हात निघाले.

"एक मिनिट," वसुधाताई म्हणाल्या. "शूटिंग चालू आहे ना?"

गेल्या वर्षी खुर्च्या उडाल्यापासून सभेचं शूटिंग व्हायचंच. "चालू आहे की."

"छान. फायलीतले आखडलेले हात व्हिडिओत सरळ. जीएसटीवाल्यांना आवडेल."

वर निघालेले हात वाटेतच वळले. कुणी मान खाजवली, कुणी चष्मा पुसला. एकाने नसलेली माशी मारली.

"काकू, तुमचाही फॉर्म आहे हां माझ्याकडे!" मिहिर फिस्कारला.

"आहे ना."

"बाजूने शून्य," मधुकररावांनी लिहिलं. "विरोधात?"

वसुधाताईंनी उजवा हात कानाला लावून सरळ वर केला. "माझा खांदा बरा झालाय. लावू देत काय लावायचा तो जीएसटी. नीट दिसतोय ना हो?"

"ठराव नामंजूर. कुणाची हरकत असेल तर हात वर करा." मधुकररावांनी मिहिरकडे पाहिलं.

मिहिर कॅमेऱ्याकडे बघत खांदा चोळत बसला.