टाकी लावलेला जपानी दगड

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. मी पाटा नाही आणि सहाणही नाही. मी जपानातला, शाईची कांडी पाण्यात उगाळायचा दगड आहे. तळहाताएवढा, काळाभोर, एका टोकाला शाई साठायला खळगा. सध्या माझा मुक्काम इंदापूर तालुक्यातल्या अंथुर्णे गावी, छबूबाईंच्या चुलीमागच्या कोनाड्यात आहे. शेजारी एरंडेलाची बुधली आहे. तिचा वास मला रात्रंदिवस घ्यावा लागतो. तेव्हा माझ्या बोलण्यात कुठे कडवटपणा आला, तर निम्मा त्या बुधलीचा समजा. उरलेला निम्मा का, ते पुढे सांगतो.

माझा जन्म ज्या डोंगरात झाला तो इतका उंच होता, की ढगांना पलीकडे जायला पाळी लावून थांबावे लागे. कारागिराने मला नदीच्या वाळूने एकोणतीस वर्षे घासले. खोटे वाटत असेल तर त्याच्या नातवाला विचारा, कारण शेवटची काही वर्षे त्यानेच घासले. हिंदुस्थानात येताना आमची आगबोट वादळात सापडली. तेव्हा कप्तानाने मला दोरीला बांधून नांगर म्हणून सोडले आणि ती एवढी बोट जागच्या जागी उभी राहिली. समुद्राच्या तळाशी मात्र एक बुळबुळीत प्राणी माझ्या खळग्यात शिरून बसला होता. अजून आठवले की शिसारी येते.

मला आणले ते हिराओका गुरुजींनी. एका विद्यापीठाने त्यांना जपानी भाषा आणि तिथल्या चालीरीती शिकवायला बोलावले होते. ते विद्यापीठ बारामतीहून आगगाडीने तीन दिवसांच्या वाटेवर होते. गुरुजींना तर सारा मुलूखच परका. उकाडा परका, जेवण परके, माणसे परकी. त्यांनी सात विद्यार्थ्यांसाठी सात दगड आणले होते. पहिला महिनाभर त्यांनी एकही अक्षर शिकवले नाही. नुसती शाई उगाळायला लावली.

"हात शांत झाला की अक्षर येईल," ते म्हणत.

मित्रांनो, त्या विद्यार्थ्यांचे काय वर्णन करू! एक जण माझ्या भावाच्या खळग्यात पानाची पिंक टाकायचा. एकाने शाईऐवजी डाळीचे वरण ओतून पाहिले. माझ्यासारख्या खानदानी दगडाला हे बघवत नसे. वर्षभरात पाच जण पळाले. उरले दोघे. एक मोठ्या वकिलांचे चिरंजीव आणि दुसरा आमचा रामहरी.

रामहरी अंथुर्ण्याचा. आईबाप लहानपणीच गेले. चुलती छबूबाई, तिनेच त्याला वाढवले. तो बारामतीला शाळेत होता तेव्हा ही बाई दर बाजाराला, कुणाच्या तरी गाडीत बसून, त्याच्यासाठी भाकऱ्यांचे गाठोडे घेऊन जायची. सात वर्षांत एक बाजार चुकवला नाही. रामहरीचा हात जात्याच शांत होता. तो माझ्यावर शाई उगाळायचा तेव्हा मला झोप लागायची. वापरून झाले की धुऊन, पुसून, फडक्यात गुंडाळून ठेवायचा. एकंदरीत बरा मुलगा होता. होता, असेच म्हणतो.

एकोणीसशे छत्तीसच्या उन्हाळ्यात गुरुजींनी सांगितले, की ते आता मायदेशी परतणार. पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवायला दोघांपैकी एकाची नेमणूक होणार. सुट्टीनंतर प्रत्येकाने आपला दगड घेऊन यायचे आणि समितीसमोर शाई उगाळून एक अक्षर लिहायचे. मला फडक्यात गुंडाळून रामहरी गावी आला.

अंथुर्ण्यात तो रोज सकाळी ओसरीवर बसून शाई उगाळी. छबूबाई शेणाने हात भरलेले, तशाच येऊन उभ्या राहत.

"आरं, कवाधरनं घासतूयास, आन् निगालं किती? पळीभर बी न्हाय!"

"काकी, सावकाशच उगाळायची असते."

"सावकाश म्हनं! दगूड गुळगुळीत झालाय, म्हनून येळ लागतोय. त्याला धार न्हाय ऱ्हायली."

"तू त्याला हात लावू नकोस. माझी नोकरी त्याच्यावर आहे."

एवढेच बोलून तो दाखला आणायला इंदापूरला गेला. तालुक्याच्या कचेरीत त्याला चार दिवस अडकावे लागले. ते चार दिवस, मित्रांनो, माझ्या वैऱ्यालाही येऊ नयेत.

पहिल्या दिवशी छबूबाईंनी तव्यावर तंबाखू भाजली आणि माझ्यावर चुरडून मिश्री केली. मग ती दातांवर घासून, तेच बोट पुन्हा माझ्या खळग्यात बुडवले. पुन्हा तोंडात. पुन्हा खळग्यात. दगडाला ओकता येत नाही, हे त्यांचे नशीब.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या रंगूबाई नातवाला घेऊन आल्या. त्यांची सहाण फुटली होती.

"बाळगुटी उगाळाया दगूड दे गं, छबू."

"ह्यो घे, जपानी हाय. कडंला काठ हाय, थेंब सांडायचा न्हाय!"

झाले. हळकुंडाचे दोन वेढे, वेखंडाचा एक, मुरुडशेंगेचे दोन. रंगूबाई मोजून वेढे देत होत्या आणि पोर माझ्यावर लाळ गाळत होते. माझ्या अंगात मुरलेली शाईही त्या गुटीत उतरली. ती शाई काजळी आणि जनावराच्या कातड्याची खळ यांची असते, हे मी कुणाला सांगितले नाही. त्यांनी मला इतके किळसवाणे काही दिले होते, म्हटले थोडे परत जाऊ दे. पोराची जीभ काळी झाली. काळ्या जिभेच्या माणसाचे बोलणे खरे होते म्हणून अर्धा गाव पाळण्याभोवती जमला. पोर "ब्याऽ" म्हणाले आणि त्या दिवशी गावातल्या अकरा शेळ्या व्याल्या. मी प्रत्यक्ष मोजल्या.

पण हे सारे धुऊन निघाले असते. खरा घाव तिसऱ्या दिवशी बसला.

गल्लीत हाळी आली, "टाकीऽऽ! पाट्याला, जात्याला टाकीऽऽ!" पाटे आणि जाती घासून गुळगुळीत झाली की छिन्नीने टोचून त्यांना पुन्हा खडबडीत करून देणारा झुंबर आला होता. छबूबाईंनी मला पदराखाली घेतले आणि बाहेर धावल्या.

झुंबर जाणता माणूस होता. त्याने मला उलटासुलटा केला, अंगठा फिरवला आणि मान हलवली.

"छबूबाई, ह्यो दगूड येगळाच हाय. लई मऊसूत हाय. ह्याला टाकी सोसायची न्हाय."

"तू लाव रं."

"तुमच्या रामहरीला इचारलंय का?"

"त्येला काय कळतंय? पुस्तकं वाचून दगूड कळतो व्हय? पोराची नोकरी हाय त्याच्यावर. तितं सायबाम्होरं घासत बसलं आन् शाई न्हाय निगाली, तर काय त्वांड दाखवील? लाव म्हन्ते ना!"

मग टाकी लागली. एकोणतीस वर्षांची गुळगुळीत पाठ झुंबरने अर्ध्या घटकेत देवीचे व्रण आल्यासारखी करून टाकली. छबूबाई शेजारी बसून दाखवीत होत्या, "हितं ऱ्हायलं बग. ह्या कोपऱ्याला बी दे." त्यांच्या तोंडाला मिश्रीचा वास येत होता. मला त्या बाईची इतकी घृणा वाटली, की देवाने मला घरंगळण्याची शक्ती दिली असती तर त्यांच्या पायावर पडलो असतो.

चौथ्या दिवशी रामहरी आला. छबूबाईंनी मला पाटावर मांडून ठेवले होते.

"बग आता. दोन फेऱ्यांत काम हुतंय का न्हाय!"

रामहरीने माझ्यावर हात फिरवला. एकेका खाचेत बोट घालून पाहिले. मग म्हणाला, "चांगलं केलंस, काकी."

मित्रांनो, त्या क्षणी मला त्याचा अभिमान वाटला.

विद्यापीठात समिती बसली. मोठे टेबल, तीन गृहस्थ, आणि टोकाला हिराओका गुरुजी. वकिलांचे चिरंजीव आधी लिहून गेले. त्यांचे अक्षर काही फार चांगले नव्हते. मग रामहरीची पाळी. त्याला डोंगराचे अक्षर लिहायला सांगितले. तीन उभे फराटे आणि खाली एक आडवा, बस. त्याने उगाळायला सुरुवात केली आणि माझ्या खाचांतून खर्रऽ खर्रऽ आवाज निघाला. शाईत कच उतरली. कुंचल्याचे केस तुटले. कागद मधोमध फाटला.

एक गृहस्थ हसून म्हणाले, "यावर चटणी छान होत असेल!"

बाकीचे दोघेही हसले. गुरुजी हसले नाहीत. ते उठून आले, त्यांनी मला दोन्ही हातांत घेतले आणि हलकेच विचारले, "हे कोणी केलं?"

रामहरीच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"घरात एक अडाणी मोलकरीण होती," तो म्हणाला. "तिनं केलं. तिला कामावरून काढून टाकलं."

मित्रांनो, माझ्या खळग्यात आजवर मिश्री पडली आहे, लाळ पडली आहे, समुद्राच्या तळाचा तो बुळबुळीत प्राणी बसून गेला आहे. या वाक्यासारखे ओंगळ काही माझ्यावर कधी पडले नव्हते.

खरे सांगितले असते तर गुरुजींनी काय केले असते, मला माहीत नाही. कदाचित नोकरी गेली असती. कदाचित नसतीही. गुरुजींना वाटले, बिचाऱ्याचे मोठे नुकसान झाले. त्यांनी वाकून नमस्कार केला आणि आपला स्वतःचा दगड त्याच्यापुढे ठेवला. रामहरीने त्यावर डोंगर असा काढला, की समितीतला चटणीवाला गृहस्थही उठून जवळून बघायला आला. नेमणूक रामहरीची झाली.

पुढची तीन वर्षे मी त्याच्या वर्गाच्या खिडकीत होतो. नवी मुले आली की तो पहिल्याच तासाला मला उचलून दाखवी. "जपानात वस्तूलासुद्धा मान देतात. आणि अडाणी हातात पडली की वस्तूचं असं होतं. आमच्या घरी एक मोलकरीण होती..." मुले हसत. दर वर्षी ती मोलकरीण थोडी अधिक वेंधळी होई. शेवटच्या वर्षी तर ती तोतरीही झाली होती. थापा मीही मारतो, मित्रांनो, तुम्ही ओळखल्याच असतील. पण माझ्या थापांनी कुणाच्या पाठीवर टाकी बसत नाही.

मग मुलांना ती गोष्ट शिळी झाली. एकोणचाळीसच्या दिवाळीत रामहरी गावी निघाला, तेव्हा त्याने मला ट्रंकेत टाकले आणि घरी आल्यावर छबूबाईंच्या हातात दिले.

"काकी, हा तूच ठेव. गुटीला होईल."

त्यांनी मला पदराने पुसले. हळदकुंकू वाहिले. रंगूबाईंना भिंतीवरून हाक मारून बोलावले. मग जेवायला वाढता वाढता विचारले, "आरं, सायबानं दगूड बगितला आसंल न्हवं?"

"बघितला."

"मग इचारलं न्हाय, टाकी कुनी लावली म्हून?"

"विचारलं."

"माझं नाव सांगितलंस?"

रामहरीने घास तोडला. खाली बघत म्हणाला, "सांगितलं की, काकी."

छबूबाईंनी रंगूबाईंकडे असे पाहिले, जणू त्या स्वतःच विद्यापीठात जाऊन आल्या होत्या. मग त्यांनी रामहरीच्या भाकरीवर आणखी तूप घातले. त्याने तेही खाल्ले.

मित्रांनो, मला जपा, धुवा, फडक्यात गुंडाळा, असे मी तुम्हांला मुळीच सांगणार नाही. तुम्हीही शिकाल, लांबच्या मोठ्या ठिकाणी जाल. तिथे तुमच्या एखाद्या वस्तूवरचा ओबडधोबड घाव बघून कुणी हसले आणि विचारले, "हे कोणी केलं?", तर जिने केले तिचे नाव सांगा. नावापुढे नातेही लावा. आवाज थरथरला तरी चालेल, नोकरी गेली तरी चालेल. मी आता इथेच बरा आहे. उद्या पहाटे छबूबाई पुन्हा माझ्यावर मिश्री चुरडतील. चुरडू देत.