शेंदरी दगड

चारुलताबाई देवासच्या एका शाळेत इतिहास शिकवीत. शाळेत त्यांचा दरारा होता, पण घरात त्यांच्या मराठीला वाली उरला नव्हता. श्रीपादराव होते तोवर नवराबायकोची भांडणंसुद्धा मराठीत रंगत. ते गेल्या वर्षी गेले. लेक-सून हिंदीत बोलत आणि नववीतला नातू यशराजही त्यातलाच. "जेवलास का रे?" असं विचारलं की तो म्हणे, "हाँ आजी, खा लिया." बाईंना भिंतीशी बोलल्यासारखं वाटे. त्याच्या तोंडून एक तरी मराठी वाक्य ऐकावं, एवढीच हौस आता उरली होती.

त्या दिवशी यशराजच्याच वर्गावर शिकवताना धड्यात वायकिंग, म्हणजे युरोपच्या उत्तरेकडचे दर्यावर्दी लुटारू, आले. पोरांना त्यांच्या टोपांवरची शिंगं हवी होती.

"सींग-वींग कुछ नहीं पहनते थे! नाटकवालों की करामात है," बाईंनी हवाच काढून घेतली. मग सांगितलं, की हे लोक लुटायला आले, काही जण फ्रान्समध्येच राहिले आणि दोन-चार पिढ्यांत त्यांची नातवंडं आपली बोली विसरली.

बोलता बोलता बाई थबकल्या. त्यांचे पूर्वजही असेच घोडी उधळत माळव्यात आले आणि धारला राहिले होते. त्यांना धारचं तळं आठवलं, श्रीपादरावांची स्कूटर आठवली. परतीच्या वाटेवर ते शेवंतीची वेणी हमखास घ्यायचे. झेंडू मात्र जवळ आला की त्यांना सटासट शिंका! फार फार आठवण आली त्यांची.

"मॅडम, आगे?" अंकितानं विचारलं.

"आगे ये, कि वो अपने मरे हुओं के लिए पत्थर खड़ा करते थे. अमुक ने अमुक के लिए खड़ा किया, इतना खोदते और लाल रंग भरते. प्रदर्शनी के लिए तुम भी बनाओ. अपने घर की बोली में."

यशराजनं अंगणातली जुनी फरशी उचलली. अक्षरांत भरता भरताच त्याच्याजवळचा लाल रंग संपला, तेव्हा पठ्ठ्यानं शेंदूर तेलात कालवून मागची बाजू सबंध माखली. धूड शाळेच्या जिन्यावर चढेना, म्हणून संध्याकाळी ते शाळेच्या फाटकाबाहेर लिंबाखाली टेकवून ठेवलं, अक्षरं पुसू नयेत म्हणून भिंतीकडे तोंड करून.

ती वाट टेकडीवरच्या देवीची. माळव्यात शेंदरी दगड दिसला की हात आपोआप जोडले जातात. सकाळी आजी-नातू येऊन पाहतात तो काय, दगडापुढे नारळ, उदबत्त्या आणि झेंडूचे हार! प्राचार्य कपाळाला हात लावून उभे होते. आता हा उचलायचा कुणी?

फूलवाली जानकीबाई टोपली घेऊन आधीच तिथे बसली होती. तिनं यशराजला विचारलं, "भिया, ये कौन से बाबा हैं?"

यशराजनं हार बाजूला केले, दगड जपून फिरवला. वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं होतं: यशराजने आजोबासाठी हा दगड उभा केला.

बाईंनी दोनदा वाचलं. डोळे भरून आले आणि त्यांनी ते भरू दिले.

यशराज हातातल्या हारांकडे बघत राहिला. मग अडखळत म्हणाला, "आजी, झेंडू नको ना. आजोबांना शिंका यायच्या."

"हो रे बाळा," बाई म्हणाल्या, "शेवंती घे."